नंदानं ऐकलेला खोकला

त्या दिवशी सकाळी आमच्या वट्ट्यावर कोन कोन होतं ते आधी सांगते. माहे दीर पुंडलिकभाऊ, जाऊ शांता, शेजारची कमलबाई, शाळेतून रिटायर झालेले गुरुजी — आन् मी. सहावे नंदाचे बाबा. ते पांढऱ्या चादरीखाली होते.

मी चौथी शिकली. भूतखेत, करनी, अंगात येनं... काईच मानलं नाई कधी. आमच्या उंद्रीच्या शिवारात रातची लाईट आली का मोटर लावून एकटीनं पानी देलं, कोनी भेटलं नाई. हे मी बोलून राह्यली, जावेची सून लिहून राह्यली. जसं सांगते तसंच लिहिजो, म्हन्लं तिले.

नंदा आमची एकुलती. ताऱ्याईचा अभ्यास करते. चिखलीले कॉलेज, मंग पुन्याले, मंग परदेशात. लई लांबचे ताऱ्याईचे घोळके असतात, ते कसे झाले ते पाहते म्हने. त्यासाठी समुद्राच्या पल्याड, डोंगरावर मोठी दुर्बीन आहे. तिथं अर्ज करा लागते, वर्ष वर्ष वाट पाहा लागते, तवा कुठं तीन राती भेटतात. आभाळ आलं तं त्याही गेल्या. आजी वारली तवा पोरगी हातातल्या राती सोडून धावत आली होती. पुढचा नंबर लागाले दोन वर्षं गेले. तवाच ह्याईनं, नंदाच्या बाबानं, मले सांगतलं होतं, "माह्या वक्ती तिले बोलावू नको. काम झाल्यावर सांगजो."

आन् नेमकं तसंच झालं. ह्याईले दमा होता. खोकला असा, की दोन घरं पल्याड समजे. त्या दिवशी पहाटे खोकला थांबला. मले वाटलं, झोप लागली... डॉक्टर सात वाजता येऊन पाहून गेला.

नंदाच्या दोन राती आभाळात गेल्या होत्या. तिसरी चालू होती — आपली सकाळ म्हंजे तिथली रात. एक फोटो घ्याले दुर्बिनीले अर्धा तास लागे, त्या वक्तात ती साडेनऊले मले फोन करे. मी सगळ्याईले म्हन्लं, फोन येईन तवा रडू नका. पुंडलिकभाऊ चिडले. बाप गेला आन् लेकीले सांगत नाईत, हे कोन्या गावात असते, म्हने. गुरुजीनं त्याईले हाताले धरून बसवलं. शांतानं पदराचा बोळा तोंडात धरला.

फोन आला. मले कमी ऐकू येते, म्हून तो स्पीकरवरच असते.

"माय, आभाळ निवळलं. मस्त काम चालू आहे. बाबा कुठं आहेत?"

"वावरात गेले."

"काऊन खोटं बोलतं वं? मांगंच तं खोकून राह्यले. पानी दे त्याईले. आन् फोन दे न."

आमी सगळे चादरीकडं पाहाले लागलो. कोनालेच काई ऐकू आलं नव्हतं. कमलबाईनं माहं मनगट घट्ट धरलं.

"आता नको," मी म्हन्लं. "त्याईले बोलता येत नाई. तू तुहं काम कर."

"बरं. आज खोकला मोकळा वाटून राह्यला त्याईचा," म्हने... आन् ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिले सांगतलं. आली. तेरवीपर्यंत राह्यली. बाबा किती वाजता गेले, येवढंच विचारे. मी म्हनो, पहाटे. मंग खोकललं कोन, म्हने. एकेकाले बाजूले नेऊन विचारलं तिनं, डॉक्टरलेही विचारलं. सगळ्याईनं तेच सांगतलं. तवा म्हने, "तुमी सगळ्याईनं मिळून ठरवलं. बाबा जित्ते होते, आन् तू फोन देला नाई."

मी तिले दोष देत नाई. तिच्या कामात जे दिसलं ते टिपून ठेवा लागते, आवडलं नाई म्हून खोडता येत नाई. तिनं तं सोताच्या कानानं ऐकलं होतं.

गुरुजी म्हनतात, तारा इझला तरी त्याचा उजेड लई वर्षं येत राह्यते, तसंच काई असंन. मी म्हन्लं, तारा लांब असते गुरुजी. हे तं माह्यापासून चार हातावर होते.

त्या रातीच्या कामानं तिचं नाव झालं म्हने. बरं झालं. साडेनऊचा फोन आता येत नाई. सनासुदीले येते, तब्येत विचारते, ठेवते. मानूस जाते, घर सुनं होते, ते मी सोसलं. पन चाळीस वर्षं त्या खोकल्याच्या उशाशी मीच होती — मंग त्या दिवशी तो मले काऊन ऐकू आला नाई? तिलेच काऊन?

वाचनाऱ्याईत कोनी ताऱ्याईच्या कामातलं असंन, नंदाले वळखत असंन, तं तिले येवढं सांगजा — मायनं फोन देन्याचं टाळलं नाई. घेनारं कोनी नव्हतं.