साडूच्या बांधीतलं तेल

सोमाजी दुर्गे मोहटोल्याच्या फाट्यावर पेट्रोल विकायचा, तेव्हा त्या रस्त्यावर जवळपास कुठेच पंप नव्हता. मोहाच्या झाडाखाली एक फळी, फळीवर दारूच्या रिकाम्या बाटल्या आणि बाटल्यांत पेट्रोल. सकाळचं ऊन बाटल्यांतून गेलं की मागच्या मातीवर केशरी डाग पडत. गिऱ्हाईक नसलं की सोमाजी त्या डागांकडे बघत बसायचा. दुसऱ्या कुणाकडे नाही असं आपल्याकडे काहीतरी आहे, ही भावना त्याला आयुष्यात फक्त त्या फळीमागे बसून मिळाली.

चामोर्शीहून तो कॅन आणायचा, आधी एसटीच्या टपावर, मग लूनावर. कॅनमधून बाटलीत भरताना नळी तोंडात धरून ओढायची. पेट्रोल ओठांपर्यंत येण्याआधी नळी बाटलीत गेली पाहिजे. कधी अंदाज चुकायचा आणि दिवसभर ढेकरांनाही तोच वास यायचा. त्या दिवशी बायनाबाई नवऱ्याला चुलीजवळ बसू देत नसे. शाळेतले मास्तर, जंगलखात्याचे गार्ड, दवाखान्याच्या सिस्टर, रस्त्यात अडलेल्या वराती, सगळे त्या फळीशी थांबून गेले. कुणी दुसरीकडून घेतलेली बाटली आणली की सोमाजी बोटावर थेंब घेई, नाकाशी नेई आणि सांगे, "घासलेट हाये. गाडी धूर मारन." पुढे पंप झाला, पोलिसांनी बाटल्या बंद केल्या, फळी चुलीत गेली. नाक राहिलं. लोक पंपावरून भरून आणलेलं पेट्रोलही त्याला दाखवायला आणत.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सोमाजी गडचिरोलीच्या दवाखान्यातून जिवंत परत आला. नाक तिथंच राहिलं. तोंडाची चव हळूहळू थोडी आली, वास आला नाही. हे कळलं फक्त बायनाबाईला. एकदा भात करपून घरभर धूर झाला होता, आणि हा मुकाट्यानं जेवत होता.

"भात लागला हाये," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काई नाई."

तिनं कुणाला सांगितलं नाही. लोक बाटल्या आणतच राहिले. सोमाजी थेंब नाकाशी नेई आणि आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. बाटली आणणारा संशय घेऊनच येतो. "मिसळ हाये," असं सांगितलं की त्याचं समाधान होई. त्यामुळे नाक मेल्यावरही कितीतरी दिवस नाकाचा मान चालू राहिला.

वामन हा सोमाजीचा साडू. बायनाबाईची धाकटी बहीण सुगंधाबाई वामनच्या घरी दिलेली. दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली होती आणि सोमाजीच्या मते तिथूनच सुरुवात झाली. पाहुण्यांनी थोरल्या जावयाला "जयभीम" घातला आणि धाकट्याशी गप्पा मारल्या. वामन कधी कशाच्या मागे लागला नाही. तो बांधावर बसून राही आणि गोष्टी त्याच्याकडे चालत येत. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, खालची भाताची बांधी त्याच्या वाट्याला आली, सोमाजीची वरच्या अंगाला, जिथं पाणी शेवटी पोचे आणि आधी आटे. वामनच्या म्हशीला पारड्या होत, याच्या म्हशीला नुसते नर, हल्ये. वामनचा पोरगा पहिल्या झटक्यात पोलीस भरतीत लागला. सोमाजीचा राजदीप तीनदा धावून आला आणि आता बल्लारपुरात मालाच्या गाड्या भरतो. यातलं काहीही वामननं हिरावून घेतलं नव्हतं, आणि सोमाजीला तेच सोसत नसे. हिरावून घेतलं असतं तर भांडता आलं असतं.

एकच गोष्ट वामनकडे नव्हती. गावात कुणी म्हणत नसे की वामनला विचारू. काही हुंगायचं असेल तर सोमाजीला विचारत.

दोन उन्हाळ्यांआधी सर्व्हेवाले आले. जमिनीखाली तेल आहे का बघतात म्हणे. जंगलाच्या कडेनं तारा पसरत, छोटी भोकं पाडत, भोकांत बार उडवत ते मोहटोल्यापर्यंत आले आणि त्यांचं मोठं मशीन उभं राहिलं ते वामनच्या बांधीत. सोमाजी रोज तिथं जाऊन उभा राही. त्याची स्वतःची बांधी हाकेच्या अंतरावर होती. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

"साहेब, तिकडंबी जमीन हाये," त्यानं एकदा मशीनवरच्या माणसाला सांगितलं.

"लाइन इधर से जाती है, चाचा," तो माणूस म्हणाला. "तेल है कि नहीं, ये पता चलने में बरसों लगते हैं."

गावानं त्यातलं 'तेल है' एवढंच ऐकलं. सर्व्हेवाले वामनच्या अंगणात जेवायला बसत आणि सुगंधाबाई त्यांना वाढता वाढता चौकशी करी. "कच्चं तेल म्हनते ते," ती बहिणीला सांगायला आली. "कच्चं असन तं शिजवून घेऊ. टोळीचं नाई का काढत आपन?" मोहाच्या बियांचं तेल काढतात तसं हेही काढू, असा तिचा हिशेब होता. बायनाबाई पोट धरून हसली. सोमाजी उठून बाहेर गेला.

लोक वामनला शेख म्हणू लागले. "शेखसाहेब, बिडी द्या एक." वामन डोक्यावरचा दुपट्टा दोन्ही खांद्यांवर सोडून, शेखासारखा बसून बिडी काढून देई. सोमाजीला ते हसणं ऐकवत नसे. आपण जन्मभर कॅन वाहिले, तोंडानं पेट्रोल ओढलं, छाती खराब करून घेतली. आणि ते सगळं इथंच, या बसून राहणाऱ्या माणसाच्या बुडाखाली साठत होतं. हा विचार त्याच्या मनात एकदा शिरला तो निघाला नाही. झोपताना तो खाटेवर कूस बदले आणि त्याला वाटे, जमिनीखाली काहीतरी सरकतंय, उतार वामनच्या बाजूला आहे.

सर्व्हेवाले गेले. काही कळवलं नाही, कुणी परत आलं नाही. तेलाची गोष्ट मागे पडली.

या पावसाळ्यात पऱ्हे, भाताची रोपं, रोवणीला आले आणि पाऊस थांबला. बोडीत गाळावर थोडंसंच पाणी. वामननं बांधीतली बोरिंग सुरू केली आणि पहिल्याच दिवशी बंद केली. पाण्यावर रंगीत तवंग होता. वासही होता. दुपारपर्यंत सगळं गाव तिथं जमलं आणि कुणीतरी पुन्हा शेखसाहेब म्हटलं. वामन मात्र हसला नाही. तो सोमाजीच्या घरी आला, खाटेवर न बसता दारातच उभा राहिला.

"साडभाऊ, तुमचं नाक पाह्यजे."

"काऊन?"

"बोरिंगले तेल लागलं म्हनते सारे. तेल असन तं रोवनी ठेवतो बाजूले, तहसीलात कागद देतो. तेल नसन तं काय हाये ते पाह्यतो. पऱ्हे पिवळे पडून राह्यले. तुमी म्हनान ते."

"लोकायले इचार ना. सारे जमले हायेत."

"लोकं काय, काईबी म्हनते. तुमी सांगा."

सोमाजीनं बायनाबाईकडे बघितलं. ती सुपातले तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबला होता. नाही म्हणायला हीच वेळ होती. नाक गेलं म्हणून सांगायचं, की मग वामन दुसऱ्या कुणाला तरी विचारेल, आणि त्या दिवसापासून गावात सोमाजीला विचारण्यासारखं काही उरणार नाही. त्यानं चपला घातल्या. बायनाबाई सूप ठेवून मागून निघाली.

बांधापर्यंतची वाट त्यानं एकच गोष्ट ठरवत काढली. हो म्हटलं तर वामन खराच शेख होणार. साहेब येतील, गाड्या येतील, मोठं मशीन येईल, आणि आपण तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहून बघणार. आणि त्याला मोठं करणारा शब्द आपल्याच तोंडून निघालेला असणार. ते त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. पोचेपर्यंत त्याचं उत्तर तयार होतं.

बोरिंगभोवती माणसं कोंडाळं करून उभी होती. वामननं पाण्यानं भरलेला पितळी गुंड पुढे केला. सोमाजी वाकला. तवंगावर निळा, जांभळा रंग हळूहळू फिरत होता. त्यानं श्वास ओढला. आत हवा गेली, नुसती हवा, बंद खोलीतल्यासारखी. बोट बुडवून नाकाशी नेलं, जसं फाट्यावर नेत असे. लोक गप्प झाले. त्या गप्प होण्यात त्याला जुना मान दिसला आणि तो थोडा जास्तच वेळ वाकून राहिला.

मग सरळ होऊन म्हणाला, "कायचाच वास नाई. पायपाचा गंज हाये. साधं पानी."

सोमाजीनं नजर फिरवली तेव्हा त्याला आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. सगळ्या बायांनी पदर नाकाला लावलेले होते. म्हाताऱ्या चैतूनं दुपट्टा तोंडावरून घेऊन मागे बांधला होता. गुंड धरलेल्या वामननंही मान एका बाजूला वळवली होती. वास बांधाच्या पलीकडून येत होता, आणि हा नाकाशी बोट धरून सांगत होता की वास नाही.

"साधं पानी म्हनते," चैतू दुपट्ट्यातून म्हणाला. "डोकं दुखून राह्यलं माह्यं तं."

"साधं कायचं, भाऊ," मागून एक बाई बोलली. "साडूचं हाये म्हनून वास नाई आला."

हसू फुटलं. मोठं नाही, पण गोल फिरून आलं. सोमाजीनं बोट सदऱ्याला पुसलं. बायनाबाई पुढे झाली.

"हसू नोका," ती म्हणाली. "त्यायचं नाक गेलं हाये. कोरोनात गेलं. दवाखान्यातून आले तवापासून कायचाच वास येत नाई त्यायले."

हसू थांबलं. जे आलं ते हसण्याहून वाईट होतं. लोकांचे चेहरे मऊ झाले. ज्यांनी बाटल्या आणल्या होत्या ते एकमेकांकडे बघू लागले. वामननं गुंड खाली ठेवला आणि सोमाजीच्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता.

"सांगाचं होतं ना, साडभाऊ," तो हळू आवाजात म्हणाला. "मी कायले चालवत आनलं असतं तुमाले."

वामनच्या आवाजात खोट नव्हती. सोमाजीनं खोट शोधली, सापडली नाही. बांधी, म्हैस, पोराची नोकरी, तेल, आणि आता कीव करण्याचा मोठेपणाही याच्याकडेच चालत आला. त्यानं खांदा मागे घेतला.

"नाक चांगलं हाये माह्यं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ही बाई मले वाचवाले बोलून राह्यली. वास आला मले. खोटं बोललो."

"काऊन?" वामननं विचारलं.

"जळतो तुह्यावर. म्हनून."

चैतूनं दुपट्टा तोंडावरून खाली ओढला. बायनाबाई नवऱ्याकडे बघत राहिली. वामननं मान खाली घातली, मग त्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता.

"ते तं मांडवापासून मालूम हाये मले," तो म्हणाला. "सुगंधालेबी मालूम हाये. त्यात काय. जळा तुमी. पन वास कायचा ते सांगा आता. पऱ्हे वाळून राह्यले."

आणि त्यानं गुंड पुन्हा उचलून पुढे केला.

सोमाजीला दुसरी वाट उरली नव्हती. नाक आहे असं त्यानंच सांगितलं होतं. तो वाकला आणि पुन्हा ती रिकामी हवा आत ओढली. लोक थांबले होते. आता त्याच्या तोंडून जे निघेल ते सगळे खरं मानणार होते, कारण जळतो म्हणून कबूल केलेला माणूस पुन्हा खोटं कशाला बोलेल. अशी संधी त्याला जन्मात मिळाली नव्हती, आणि सांगायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

"द्या इकडे, जड हाये," असं म्हणत बायनाबाईनं गुंडाला हात लावला. दोघांची डोकी जवळ आली. ती ओठ न हलवता पुटपुटली, "फाट्यावर टरक उभा राह्यते ना रातभर. तसा."

सोमाजी सरळ झाला.

"डिझेल," तो म्हणाला. "जमिनीतलं तेल नोहे. मशीनवाल्यायनं सांडलं असन, मुरलं खाली."

कुणीतरी निराशेनं चक् केलं. वामननं मात्र लांब श्वास सोडला. सर्व्हेवाले आल्यापासून त्याच्या खांद्यांवर कसलातरी भार होता, तो उतरल्यासारखे त्याचे खांदे खाली आले.

"बरं झालं," तो म्हणाला. "सुगंधाले झोप नोहोती. जमीन घेते म्हने सरकार, तेल लागलं का. बोरिंग बंद ठेवतो, पानी तपासाले पाठवतो. बोडीत हाये त्या पान्यात बोडीलगतच्या दोन बांध्या तरी रोवून घेतो." जाता जाता तो थांबला. "एखाद्या हप्त्यानं या अजून. वास कमी झाला का सांगा."

म्हणजे याला ते नकोच होतं. सोमाजी तिथंच उभा राहिला. ज्यासाठी आपण इतक्या रात्री तळमळलो, ते वामनच्या गळ्यात धोंड्यासारखं होतं, आणि तो धोंडा आपणच आपल्या तोंडानं सोडवून दिला. जमिनीखाली खरंच काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डिझेल असेल, नसेलही. वामन निश्चिंत होऊन पऱ्ह्यांकडे निघाला होता आणि सोमाजीची नजर बांधावरून त्याच्या पाठीमागे जात होती. आता हेवा करायला तेलही नव्हतं. नुसती त्याची चाल होती.

परतताना बायनाबाई पुढे, तो मागे. तो तिच्या पाठीकडे बघत चालला होता. तिला सगळे वास येत होते, चिखलाचा, पऱ्ह्यांचा, कुठंतरी पेटलेल्या शेणीचा, आणि ती त्यातल्या एकाबद्दलही बोलत नव्हती.

"पुढच्या हप्त्यात तू येशीन ना?" त्यानं मागून विचारलं.

"मी नाई आली तं काय हुंगान तुमी?" ती मागे न बघता म्हणाली. "पन मले काऊन खोटं पाडलं लोकायत?"

बांध अरुंद होता. पाय घसरू नये म्हणून तिनं मागे हात केला, तो त्यानं धरला. तेवढं करतानाही त्याच्या मनात आलं की हिचं नाक मात्र शाबूत आहे.