देशमुखांच्या मोटारीची कोरडी बॅटरी

मोटार चालू करायचा सेल्फ दाबला की नुसता 'कट्' आवाज येई. पुढं काही नाही. गफूर ड्रायव्हर चौथ्यांदा दाबायला गेला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

"राहू दे. उरलंसुरलं बी जाईन."

मी तेव्हा खामगावच्या एका गॅरेजात मिस्तरी होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धामुळे पेट्रोल रेशनवर, म्हणून पिंपळगाव राजाच्या देशमुखांची मोटार आठवडेच्या आठवडे अंगणात उभी असायची. मे महिना, डोक्यावर सावली नाही. मोटार चालू होत नाही असा निरोप आला, म्हणून मी सकाळच्या लॉरीनं आलो. लॉरी मला सोडून पुढं निघून गेली.

तेवढ्यात तुळशीराम धावत आला. देशमुखांच्या शेजारीच त्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा. बायको, वच्छला, कालपासून बाळंतपणात अडलेली.

"दाई म्हन्ते लेकरू आडवं हाये. खामगावच्या दवाखान्यात नेलं नाही त दोघंबी जातीन. मालक, मोटार द्या!"

बैलगाडीनं तिथं पोचायला संध्याकाळ झाली असती, तीही या उन्हात. देशमुख माझ्याकडं वळले. "मिस्तरी, किती वेळ?"

मी दार उघडून आत वाकलो. त्या मोटारीची बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या आत असे. फळीचे स्क्रू गंजलेले. ते तोडूनच फळी काढली आणि बॅटरीची तिन्ही झाकणं उघडली. आत शिशाच्या पट्ट्या असतात, त्या कायम तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, पाण्यात बुडालेल्या पाहिजेत. उन्हानं त्यातलं पाणी उडून जातं आणि तेजाब मागं राहतं. पट्टी उघडी पडली की ती वीज धरत नाही. इथं पट्ट्या अर्ध्या उघड्या होत्या, वर पांढरी भुकटी. हँडल मारलं तरी इंजिनात ठिणगी पडेल एवढीही वीज उरली नव्हती.

देशमुख गफूरवर उसळले. "काऊन बे, पानी पाहात नव्हता?"

"मालक, होळीले मिस्तरीनंच गाडी पाह्यली होती."

खरं होतं. होळीला मी आलो होतो. प्लग साफ केले, तेल बदललं. फळीचे स्क्रू तेव्हाही गंजलेले होते. मी ते तसेच राहू दिले, फळी न उघडताच 'बॅटरी ठीक आहे' म्हणालो. आता देशमुख गफूरला शिव्या देत होते, आणि मी खाली मान घालून गप्प होतो.

गफूरनं घागर आणली. मी ओरडलो, "थांब! ते पानी नको!" त्या भागातलं पाणी खारं, आणि खारं पाणी पट्ट्या खातं. पाहिजे डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफेचं पाणी. ते मिळायचं खामगावलाच.

तुळशीरामच्या घरी दाईसाठी पाणी उकळत असणार, हे लक्षात आलं. धावत गेलो. चुलीवरच्या पातेल्यात वीट ठेवली, विटेवर चिनी मातीची वाटी, आणि पातेल्याच्या तोंडावर थंड पाण्यानं भरलेली गोल बुडाची घागर. वाफ घागरीला लागून थंड होते, तिचं पाणी होऊन बुडावरून थेंब थेंब वाटीत पडतं.

आतून वच्छलाचं कण्हणं ऐकू येत होतं. पहिली वाटी भरेपर्यंत ते बारीक झालं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आनखी किती, मिस्तरी?" तुळशीरामनं विचारलं.

"अजून एक वाटी."

दाई दारात आली. "कळा कमी होऊन राह्यल्या. घाई करा."

पट्ट्या बुडतील एवढं पाणी कसंबसं जमलं. ते ओतत असताना गफूर पेटत्या बिडीसकट वाकून पाहायला आला. मी त्याच्या हातातली बिडी उडवली. बॅटरीतून निघणारा गॅस ठिणगीनं भडकतो, आणि तेजाब थेट तोंडावर येतं.

मग अर्धा तास थांबलो. पाणी पट्ट्यांत मुरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. तो अर्धा तास तुळशीराम माझ्यासमोर उभा होता. 

सेल्फला हात लावायचा नव्हता, तो एका दमात सगळी वीज पितो. इंजिनातल्या ठिणगीला मात्र थोडी पुरते. म्हणून पुढून हँडल मारलं. एकदा, दोनदा, काही नाही. तिसऱ्यांदा हँडल उलटं फिरलं आणि मनगट झणाणलं. चौथ्यांदा इंजिन सुरू झालं.

"आता दवाखान्यापर्यंत बंद करू नको," मी गफूरला सांगितलं. वच्छलाला बाजेसकट उचलून मोटारीपाशी आणलं, मागच्या सीटवर निजवलं, आणि तुळशीराम व मीही बरोबर निघालो.

दुपार कलल्यावर खामगावच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले. "आई वाचली. मूल पोटातच गेलं होतं. दोन तास आधी आणायला हवं होतं."

ते दोन तास कुठं गेले, मला ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी देशमुखांकडं गेलो आणि गफूरची चूक नव्हती हे सांगितलं. तुळशीरामकडं जायची हिंमत झाली नाही.

महिन्याभरानं तोच गॅरेजवर आला. टोपलीभर वांगी घेऊन.

"तुमच्यामुळं वच्छला घरी आली, मिस्तरी."

मी म्हणालो, "तुळशीराम, ते पानी माह्या चुकीनं आटलं होतं. होळीले मी बॅटरी उघडलीच नव्हती. न पाहता ठीक म्हनलं."

 त्यानं टोपली खाली ठेवली.

"मंग आता पाहात जाजा," म्हणाला, आणि निघून गेला.

पाहात गेलो. उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी महिन्यानं नाही, आठवड्यानं पाहावं. घालायचं ते वाफेचंच. मोटार सावलीत लावावी, आणि उभी असली तरी चार-आठ दिवसांनी थोडी फिरवून आणावी. यात अवघड काही नाही. फक्त वाकावं लागतं.