आक्का डबा झोपवतात

आठ नोव्हेंबर. गोधड्या धुवायच्या म्हणून बारामतीहून निमगाव केतकीला थोरल्या जाऊबाईंकडे, आक्कांकडे, आले. या बाईंनी आजवर जितकी परकी माणसं झोपवली असतील, तितकी एखाद्या भूल देणाऱ्या डॉक्टरनेही झोपवली नसतील. आणि तीही सगळी रेल्वेत.

त्यांचा मुलगा नागपूरला नोकरीला आहे. वर्षातून दोनदा आम्ही दोघी दौंडहून रात्रीची गाडी धरतो. आक्का डब्यात चढल्या की सामान नंतर, आधी माणसं लावतात. लग्नघरात अंथरुणं घालतात तशी: बाया एकीकडे, गडीमाणसं एकीकडे, म्हातारी खाली, तरणी वर. तिकिटावर काय छापलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. "लेकरा, तू वर जा. या आबांचं गुडघं बघ की," म्हटल्यावर लॅपटॉपवाला तरुण मुकाट्याने वर चढतो. एकदा नव्या नवरानवरीची त्यांनी अशीच वाटणी केली. नवरी आमच्यात, नवरा पार दाराजवळ. थोड्या वेळाने तो पाण्याची बाटली द्यायचं निमित्त काढून आला, तर आक्कांनी बाटली घेतली आणि म्हणाल्या, "देते मी तिला. तू पड जा." तो गेलाही. कुणी घोरायला लागलं की त्या उठून खांद्यावर हात ठेवतात, "कुशीवर व्हा तात्या," आणि जन्मात न पाहिलेला तो माणूस झोपेत "व्हय" म्हणून वळतो. टीसी आला तर त्यालाच दटावतात, "हळू बोला सायेब, आत्ता कुठं डोळा लागलाय लेकराचा." मी टीसीला चवड्यांवर चालत गेलेला पाहिला आहे. मग शेवटची एक चक्कर. सगळे झोपल्याची खात्री झाली की आक्का आडव्या होतात, आणि अशा झोपतात की वर्धा गेलं तरी गदागदा हलवावं लागतं.

घरी मात्र झोप नाही. माणसांनी भरलेलं घर होतं, शेवटचं माणूस झोपलं की दिवा घालवायचा ही लग्नापासूनची वहिवाट. आता सासूसासरे नाहीत, थोरले दीर नाहीत, पोरं बाहेरगावी. गोळ्यांनी डोकं जड होतं, डोळा लागत नाही. मी मुक्कामाला येऊन उपयोग नाही. मी पाठ टेकली की झोपते, माझ्यात त्यांना काही कामच उरत नाही.

गेल्या खेपेला मुलाने कौतुकाने पहिल्या वर्गाची, दार लावून घ्यायची, दोघींचीच खोली काढली. आईला शांत झोप लागावी म्हणून. मी झोपले. सकाळी पाहते तर आक्का बसलेल्या, अंथरुणाची घडीही मोडलेली नाही.

"झोपला नाहीत?"

"पलीकडं कुणीतरी खोकत हुतं रातभर. दार लावलेलं. जायचं कसं?"

आणि आज गोधडीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या, पिळता पिळता म्हणाल्या, "नातवाच्या वाढदिवसाला पोरानं तसलंच तिकीट काढलंय. त्याला सांग, मी येत न्हाय."

"नातवाला बघायचं नाही?"

"बघायचंय गं. पन घरची झोप गेली ती गेली, आता गाडीतली बी घालवू का?"

मी गोधडी झटकून दोरीवर टाकली.

नऊ नोव्हेंबर. सकाळी पुतण्याला फोन लावला आणि साध्या स्लीपरची तिकिटं काढ म्हणून सांगितलं.

"काकू, ती गर्दी, ते घोरणारे लोक! आईला झोप लागेल का?"

"घोरणारे असतील तर उत्तमच," मी म्हटलं. "काढ तू."

त्याने काढली. मोबाईलवर आलेली तिकिटं मी आक्कांना वाचून दाखवली. दोघींचे बर्थ डब्याच्या दोन टोकांना.

"ते बघू आपण तितं गेल्यावर," म्हणत त्या चहा गाळत राहिल्या. मग गाळणी हातात तशीच धरून म्हणाल्या, "शेजारी बारकं लेकरू असंल का गं?"

"असेल," म्हटलं, चहा घेतला आणि बारामतीची एसटी धरली.