डोळे मिटून केलेले मांडे

सीटी स्कॅनची फिल्म खिडकीकडे धरून जळगावचे डॉक्टर म्हणाले, "इस्केमिक स्ट्रोक." म्हणजे गुठळी अडकून मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. आईचा डावा हात गेला होता. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "जीवाला धोका नाही ना?" आणि आईनं, वाकड्या तोंडानं, "मी मांडा करसू ना?"

डॉक्टर हसले. आम्ही नाही हसलो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या पाचोऱ्याच्या गल्लीत मांडे आईच्याच हातचे. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरवायचा नि तापलेल्या पालथ्या खापरावर टाकायचा. एका हाताचं कामच नाही ते.

घरी आल्यावर जळगावला फिजिओथेरपीच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथल्या मॅडम तरुण होत्या. व्यायाम झाला की त्या मेंटल इमेजरी करायला लावायच्या. म्हणजे हात न हलवता तो हलतोय असं मनात करायचं. "खेळाडू करतात. इथे किती उपयोग होईल माहीत नाही, पण करून बघू," असं सरळ सांगितलं त्यांनी. पहिल्या दिवशी म्हणाल्या, मनात पेला उचला. आई चक्क घोरायला लागली.

मग मीच म्हटलं, मॅडम, पेला जाऊ द्या, मांडा सांगा.

झालं, आई रंगली. रोज डोळे मिटून मांडे. मॅडमनी "कसा झाला, अक्का?" विचारलं की आई म्हणायची, "पातळ. एक भोक नही." हात मात्र उशीवर पडलेलाच. नाना म्हणायचे, "रोज मांडे होतात, ताटात एक येत नाही."

एकदा मॅडमनी वेगळंच विचारलं. "डावा हात कसा लागतो, अक्का? जड? गरम?"

आईनं डोळे उघडले. "तो हात मना नही. मनी सासूना शे. मी समोर बशेल शे."

आजी वारून किती वर्षं झाली होती, आणि आई इतके दिवस तिचेच मांडे बघत होती.

"मग सासूबाईंना उठवा, तुम्ही बसा तिथे. बाहेरून बघायचं नाही, आतून करायचं."

"सासूले कशी उठाडू?"

"पाया पडा आणि उठवा."

दुसऱ्या वेळी आईनं डोळे मिटले ते बराच वेळ. कपाळावर घाम आला. मग हळूच म्हणाली, "फाटी गया."

"कुठून फाटला?"

"डाव्या अंगनं."

मॅडम स्टुलावरून उठल्याच. "मग तो तुमचाच, अक्का."

त्यानंतर सगळे फाटकेच मांडे. व्यायाम चालूच होता. आणि एका सकाळी चहा देताना मी बघते तर गोधडीवर डावा अंगठा हलतोय. कप माझ्याच हातातून सांडला.

आखाजीला आई चुलीपुढे बसली. मी शेजारी. डावा हात मागे राहत होता, मांडा खापरावर पडता पडता फाटला, पुरण जळलं. नानांनी तो तुकडा आमरसात बुडवला. "आला बुवा ताटात," म्हणाले, आणि मान वरच केली नाही.

आईला अजून गुंडी लावता येत नाही. पण मॅडमचे उपकार मी विसरायची नाही. तुमच्या घरी कुणाचा हात असा पडला असेल तर व्यायाम सोडू नका, आणि डोळे मिटल्यावर त्यांना एवढं नक्की विचारा, तिथे हात कोणाचा दिसतो.