लेहचे चार दिवस आणि बाबांचं गाऱ्हाणं

लेहला जायचं हे बाबांच्या डोक्यातून निघालं, आणि त्याचं प्लॅनिंग माझ्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं. आमच्या घरात गावाला जायचं असो की कुणाच्या बारशाला, गाडीत कोण कुठे बसणार इथपासून सगळं मीच ठरवते. दुसऱ्यावर सोपवलं की वाट लागते. माझी मुलगी म्हणते, आई, तू आम्हाला सुट्टीवर नेत नाहीस, ड्युटीवर नेतेस. म्हणू दे.

बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते मुलुंडला आमच्याकडेच असतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार असं गेली कित्येक वर्षं नुसतं ऐकतोय. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी मालवणकडून मुंबईत आले आणि एका लोकरीच्या मिलमध्ये लागले. तिथे मिलिटरीसाठी ब्लँकेटं तयार व्हायची. त्यांच्या गाठी बांधायच्या खात्यात बाबा होते, आणि थंडीच्या आधी निघणाऱ्या गाठींवर रंगाने मोठ्या अक्षरात 'लेह' लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे मिल बंद पडली, बाबांनी दुसरीकडे नोकरी केली, तिथून रिटायर झाले. स्वतः मात्र त्यांनी जन्मात कधी साध्या चादरीपलीकडे काही पांघरलं नाही. "इतकी थंडी आसता तरी कशी, ता एकदा बघूक होया," हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. यंदा मात्र ते म्हणाले, "आता नाय तर कदी?" आणि माझ्याकडे बघत बसले.

झालं, मी कामाला लागले. नवऱ्याला चार दिवसांची रजा मिळत होती, मुलीची परीक्षा संपत होती. मी बसून यादी केली. डोंगरावरचा जुना राजवाडा, जुना बाजार, तीन मठ, नदीचा संगम, तो उंच घाट, एक सरोवर. चार दिवसांत आठ ठिकाणं. आपण मुंबईची माणसं, एका रविवारी दोन लग्नं आणि एक साखरपुडा उरकून घरी येऊन भाजी निवडणारी. चार दिवस म्हणजे मला केवढा तरी वेळ वाटला.

मग तिथल्या एका गेस्ट हाऊसला फोन लावला. त्या माणसाने यादी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, मॅडम, पहिले दोन दिवस कुठेही जायचं नाही. खोलीत पडून राहायचं, पाणी प्यायचं, जिनासुद्धा सावकाश चढायचा. इथे हवा विरळ आहे. मी त्याच्याशी वीस मिनिटं वाद घातला. दीड दिवस चालेल का, हेही विचारून पाहिलं. तो ढिम्म हलला नाही.

"एवढ्या लांब जाऊन दोन दिवस झोपायचं?" नवरा म्हणाला. "त्यापेक्षा इथेच झोपू ना यार."

"मी झोपान ऱ्हवतंय, तुमी फिरा," बाबा म्हणाले. त्यांची कशालाच हरकत नव्हती.

माझ्या मनात तेव्हा पाल चुकचुकली, नाही असं नाही. मी त्यांना समोर बसवून विचारलं, "बाबा, दम लागतो का हो तुम्हाला? काही होत असेल तर आत्ताच बोला. तिकडे जाऊन नाटकं केलीत तर मी ऐकून घेणार नाही." आता हे विचारणं झालं की दमदाटी? पण माझी जीभ अशीच आहे. बाबा म्हणाले, "खंय लागता? रोज जिनो चढतंय मा." रोज चढत होते हे खरंच होतं. सकाळी पेपर आणायला स्वतः खाली जायचे. येताना पहिल्या मजल्यावर जोशीकाकूंशी पाच मिनिटं, दुसऱ्यावर त्या गुजराती आजोबांशी दहा मिनिटं. मी म्हणायचे, काय मेला बोलका स्वभाव.

शनिवारी मी विमानाची तिकिटं बघून ठेवली. रविवारी सकाळी काढणार होते. तेवढ्यात बाबा आंघोळ करून नारळ घेऊन आले. "तिकिटां काढूच्या आदी गाऱ्हाणां घालूक होया."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे कुठल्याही कामाला हात घालण्याआधी देवापुढे सगळं मोठ्याने बोलून दाखवायचं. घरातला वडीलधारा बोलतो, बाकीचे मागे उभे राहून प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी लहानपणापासून म्हणत आलेय, लक्ष देऊन ऐकलंय असं मात्र नाही. तोंड आपोआप चालतं. त्या दिवशीही माझ्या हातात फोन होता आणि तिकिटांचं पान उघडं होतं.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां लांब डोंगरार जावक निघाली हत. त्येंका सुखरूप ने, सुखरूप घेवन ये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"वाटेत काय इडापिडा आसात ती भायर काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तीन म्हयने झाले, जिनो चढताना माझो दम सरता, छातीत दुखता. ह्येंका मी सांगूक नाय, पण तुझ्यापासून काय लपान ऱ्हवणा नाय. चार दिस तेवढो माझो दम पुरव. मगे माका नेलंस तरी चलात रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही तिघांनी म्हटलं. मुलीने तर सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

मग मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. बाबांनी शांतपणे नारळ ठेवला, नमस्कार केला आणि मागे वळले. आमची तोंडं बघून त्यांच्या लक्षात आलं की आज आम्ही ऐकलं. देवासमोर खोटं बोलता येत नाही, म्हणून ते खरं बोलले होते. आम्ही ऐकत नसतो, यावर त्यांचा इतक्या वर्षांचा भरवसा होता.

सोमवारी ऑफिसला दांडी मारून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. हृदयाचं काम कमी झालंय, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या नियमित घेतल्या, धावपळ टाळली तर घाबरण्यासारखं नाही, पण उंचावर अजिबात नाही. मी विचारलं, दोन दिवस पूर्ण आराम केला तरी? डॉक्टर म्हणाले, विमानातून उतरायचंच नाही, तर आराम कसला करणार.

येताना रिक्षात मी तोंड उघडलं. तीन महिने! एका घरात राहून! बाबा बाहेर बघत होते. "बघ," ते म्हणाले, "म्हणान तुका सांगूक नाय. तुका काय सांगूचा म्हटला की तू आदी आरडतस. देव आयकान घेता."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. बिल्डिंगपाशी उतरलो, जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्यावर बाबा थांबले. जोशीकाकूंचं दार बंद होतं. बोलायला कोणीच नव्हतं, तरी ते कठड्याला धरून उभे राहिले, आणि त्या वेळी मी त्यांचा श्वास पहिल्यांदा नीट ऐकला. एवढे महिने हा आवाज माझ्या घरात होता.

लेहचं कुणी पुन्हा काढलं नाही. नवरा म्हणाला, बाबा, महाबळेश्वरला जाऊ. बाबा म्हणाले, "थंय कसली थंडी?" त्यांना वाईट वाटलंय हे दिसत होतं, आणि माझ्याकडे त्यावर काही उपाय नव्हता.

मला मात्र झोप लागेना ती दुसऱ्याच गोष्टीने. चार दिवस दे आणि मग ने, याला मी देवासमोर उभी राहून हो म्हटलं होतं. नवरा म्हणाला, वेडी आहेस का, देवाला कळतं. कळत असेल. पण मला कुठलीही गोष्ट अर्धवट ठेवायची सवय नाही. गुरुवारी आंघोळ करून मी देवापुढे उभी राहिले. मला गाऱ्हाण्याचे शब्द येत नाहीत, मी आपलं नेहमीसारखंच बोलले. म्हटलं, "रविवारी मी जे हो म्हटलं ते न ऐकता म्हटलं. चूक माझी. ते चार दिवसांचं धरू नकोस, रद्द कर. मला जास्त पाहिजेत."

बाबा मागे खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला.

"किती दिस मागतस, ता पण सांग तेका," ते म्हणाले.

मी हात जोडून तशीच उभी राहिले. मला आकडा सांगता येईना.