देव्हाऱ्यातला रिपोर्ट

वीस वर्षं मी बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना माझ्या हाताने घेतला. लाकडी पट्टीने खरवडायचं, काचेवर पसरायचं, काच लॅबला पाठवायची. तिथे कुणीतरी पेशी तपासणार. महिन्याने उत्तर यायचं, त्यातही कधी "पेशी अपुऱ्या, पुन्हा पाठवा". पुन्हा कुठली येतेय बाई! टेमघरला शोधायला गेले, तर मला बघून दार लावून घ्यायच्या.

मग एचपीव्हीची तपासणी आली. कॅन्सर करणारा विषाणू अंगात आहे की नाही, ते मशीनच सांगतं. नमुना बाईने स्वतः बाथरूममध्ये जाऊन ब्रशने घ्यायचा आणि नळीत टाकायचा. मला आधी रागच आला. वीस वर्षांचा हात काय चुलीत घालू? पण बायका यायला लागल्या, तेव्हा तोंड बंद ठेवलं.

अंजूरच्या शाळेत शिबिर होतं. दोन जावा आल्या. थोरली पन्नाशी ओलांडलेली, माझ्या टेबलावरून तीनदा पळालेली. धाकटी चुरूचुरू बोलणारी. गर्दी होती म्हणून मी दोन्ही नळ्यांवर नावं आधीच लिहिली आणि धाकटीच्या हातात दिल्या. दोघी गेल्या, दोन नळ्या परत आल्या. मी थोरलीला म्हटलं, "बघा, उगाच घाबरत होतात." ती नुसती हसली.

दोन्ही रिपोर्ट चांगले आले. पुढची तपासणी पाच वर्षांनी, असं लिहून मी सही केली.

दोन-तीन महिन्यांनी धाकटी रिक्षा करून निजामपुऱ्यात माझ्या दवाखान्यात आली. "सिस्टर, ताईच्या कपड्यांवर डाग पडतान. पाळी जाऊन चार वर्षं झाली तिची." मग तिला आणलं का नाहीस, असं मी विचारताच ती रडायला लागली. दोन्ही नळ्यांत नमुना धाकटीचाच होता. ताई आत जाईना, मागे रांग खोळंबली, म्हणून हिने तिचंही उरकून टाकलं. घरातही थोरलीच्या वाटणीचं पाणी हीच भरते, भाकऱ्या हीच थापते.

"अगं बया, हे काय दुसरीचं दळण आणणं आहे का?" मी एवढी ओरडले की बाहेर बसलेल्या बायका गप्प झाल्या. त्या नळ्या तिच्या हातात कुणी दिल्या, ते मला नंतर आठवलं.

त्याच दुपारी तिच्याबरोबर अंजूरला गेले. थोरलीने देव्हाऱ्यातून रिपोर्ट काढला. त्याला हळदकुंकू लागलेलं होतं. "मना काय झाला न्हाय. तुमचीच सही हाय खाली."

धाकटीने कागद तिच्या हातातून घेतला. "नाव तुझा हाय, ताई. आतला माझा हाय. तुझा अजून कुणी बघलाच न्हाय."

थोरली भिंतीला टेकून बसली. मग उठून लुगडं बदलून आली.

सरकारी रुग्णालयात तिला तपासून लॅबसाठी तुकडा काढला. आठवड्याने कॅन्सर निघाला. फार पसरलेला नव्हता, उपचाराने बरा होईल असं डॉक्टर म्हणाले. केसपेपर लिहिताना त्यांनी विचारलं, "आधी कधी तपासणी झाली होती?"

अंजूरहून निघताना घेतलेला तो रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. थोरलीने माझ्याकडे पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली. "या सिस्टर बोलवायच्या, मीच यायची न्हाय."

मी पर्स उघडली नाही.