चार बोटं जुना रंग

रंगाक्कांनी रंगवलेली वस्तू ओळखायची खूण एकच. ती उलटी करून बघायची. खुर्ची असो, पाळणा असो, लोखंडी पेटी असो, वरून सगळी वेलबुट्टी, कमळं, राघू. पण तळाला किंवा पाठीमागं, सहज नजर जाणार नाही अशा जागी, चार बोटांचा एक चौकोन त्यांनी न रंगवता सोडलेला असायचा. त्यात वस्तूचा आधीचा रंग जसाच्या तसा आणि भोवती बारीक पांढरी रेघ. नवं गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "आक्का, हितं मारायचं राह्यलं की." त्यावर आक्का ब्रश पुसत म्हणायच्या, "राह्यलं न्हाई, ठिवलंय. जुन्याला नटवायचं, लपवायचं न्हाई. उद्या कुनी इचारलं, आदी काय हुतं, तर दाखवाया नगं?"

त्यांचं खरं नाव महादेवी. नळदुर्गाला हायवेच्या कडेला त्यांचे यजमान ट्रक रंगवायचे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे कितीतरी ट्रक त्यांच्या हातचे मोर मिरवत जायचे. पुढं यजमानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नवरा रेघ ओढायचा आणि पाकळ्या आक्का भरायच्या, असं करत करत सगळाच ब्रश त्यांच्या हातात आला. पण बाईमाणसानं ट्रकचं तोंड रंगवावं हे डायव्हर लोकांना पटेना. "बरं झालं," आक्का म्हणायच्या, "पळत्या गाडीवरचा मोर कुनाला दिसतोय? बसल्या जाग्याची वस्तू मानूस रोज बगतो." मग भंगारातली कपाटं, ढाब्यांची बाकडी, कुणाकुणाच्या घरातले मोडके दिवाण त्यांच्या दारातल्या लिंबाखाली येऊन पडू लागले. कपाळाला विभूती, पदर खोचलेला, कोपरापर्यंत रंग. पाकळ्या मात्र त्या कानडीत मोजायच्या. ओंदु, एरडु, मूरु. कुणी मधे बोललं की मोजणी चुकायची, आणि मग बोलणाऱ्याचा कानडीतूनच उद्धार व्हायचा.

वस्तू आली की आक्का आधी तिला बोटाच्या पेरानं वाजवून बघत. मग ठरलेला प्रश्न विचारत, "कुनाच्या घरी जानार हाय?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय रंगाचा डबा उघडत नसत. नवरानवरीच्या घरी जाणार असेल तर मोरांची जोडी. बाळंतिणीच्या खोलीत ठेवायचं असेल तर पोपट आणि चिमण्या. म्हाताऱ्या माणसासाठी असेल तर तुळस, आणि रंगही डोळ्यांना त्रास न देणारा. एका ढाबेवाल्यानं एकदा बाकड्यांवर सिंह मागितला. आक्कांनी केळीचे घड काढून दिले. तो चिडला, तर म्हणाल्या, "जेवाया बसल्याला मानूस सिंव्ह बगून घास गिळंल व्हय?"

आणि त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे "वाळू द्या." पॉलिश पेपरनं घासायचं, खाचाखळग्यांत लांबी भरायची, अस्तर द्यायचं, वाळू द्यायचं, पहिला हात मारायचा, वाळू द्यायचं. घाई करणाऱ्याला त्या बाजूच्या दगडावर बसवत आणि चहा देत. हाच मंत्र त्या माणसांनाही लावत. गल्लीत सासू-सुनेचं भांडण झालं, कुणी मिटवायला धावलं, की आक्का म्हणत, "थांबा वो जरा. वल्या रंगाला हात लावला की बोटं उठत्यात. वाळू द्या." मला ते वाक्य फार आवडायचं. मी ते पुढं शाळेत मुलांनाही सांगायचो. सांगायला काय जातं!

माझा आणि आक्कांचा संबंध टेबलापासूनचा. मी डी.एड.ला होतो तेव्हा रेशन दुकानातलं एक टाकून दिलेलं काउंटर आईनं मिळवलं होतं. त्याचं आक्कांनी माझ्यासाठी टेबल केलं. कोपऱ्यात एक राघू काढला आणि म्हणाल्या, "ह्यो तुज्यासंगं पाठ करंल. तू इसरलास तर ह्याला इचार." तेव्हापासून मला त्या मास्तर म्हणायच्या. "आतापास्नंच सवय करते, मंग जड जायाला नगं." मी पास झालो, नोकरी लागली, तेव्हा पेढा मी आईच्या आधी आक्कांना दिला होता. आई त्यावरून दोन दिवस फुगली होती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. इतका वेळ नुसती वेलबुट्टीच काढत होतो.

वडील गेल्यावर धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं, लग्न माझ्या अंगावर होतं. तेरचं स्थळ आलं. मुलाची आई लहानपणीच गेलेली, त्याला आत्यानं वाढवलेलं. बैठकीत आत्याबाईंनी एकच अट घातली. "बाकी काय द्या, न द्या. आंदनात कपाट तेवडं नवं पायजे. वापरल्यालं आमच्या घरात चालत न्हाई." मी तोंड भरून "नवंच येईल" म्हणालो. नवं कपाट माझ्या ऐपतीत नव्हतं, आणि तसं चारचौघांत म्हणायची छाती नव्हती. सोलापूरला एका कचेरीच्या लिलावात जाड पत्र्याचं, हिरव्या रंगाचं कपाट मिळालं. ते टेम्पोत घालून सरळ आक्कांच्या दारात उतरवलं.

आक्कांनी ते वाजवलं. "पत्रा लई ब्येस हाय. कुनाच्या घरी जानार?"

"आमच्याच," मी म्हणालो. "आईसाठी."

खरं सांगितलं असतं तर त्यांनी रंगवायला नकार दिला असता असं नाही. पण "त्यांना जुनं हाय म्हनून सांगितलंस ना?" एवढं नक्की विचारलं असतं. ते मला नको होतं. आक्कांनी आठ दिवस खपून कपाट मोरपंखी केलं आणि दारावर, आईसाठी म्हणून, तुळशीवृंदावन काढलं. पाठीमागं खालच्या अंगाला त्यांचा चौकोन होताच. त्यात जुना हिरवा रंग आणि त्यावर कचेरीनं पांढऱ्या अक्षरात घातलेला नंबर : "कपाट क्र. ७". "ही त्याची जन्मखूण," आक्का कौतुकानं म्हणाल्या होत्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी कपाट कार्यालयात पोचलं आणि मला त्या जन्मखुणेची आठवण झाली. धावत जाऊन मोरपंखी रंगाचा लहान डबा आणला आणि घासणं नाही, अस्तर नाही, थेट त्या सात नंबरावर रंग फासला. लग्न दुपारचं. तोवर वाळेल असं वाटलं. दहा वर्षं आक्कांच्या दारातल्या दगडावर बसून मी एवढंही शिकलो नव्हतो.

आंदण मांडलं होतं. बायका बघत बघत पुढं सरकत होत्या. आत्याबाई मात्र वस्तू मागून बघणाऱ्या. त्या कपाटामागं गेल्या, खाली वाकून पत्र्यावरून हात फिरवला आणि हात वर काढला तो मोरपंखी. नव्या शालूच्या पदरालाही बोटभर पट्टा लागला होता. त्यांनी रुमालानं पत्रा पुसला. ओला रंग रुमालावर आला आणि खालून सात नंबर स्वच्छ उघडा पडला.

"नव्या कपाटाला नंबर कुनी घातला वो?" आत्याबाईंनी विचारलं. आवाज असा की सनईवालाही थांबला.

आक्का तिथंच होत्या. इरकल नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, बायकांच्या मागं उभ्या होत्या. त्यांची नजर कपाटावरच्या तुळशीवर होती. आईसाठी म्हणून काढलेली तुळस नवरीच्या आंदणात बघून त्यांना सगळं उमगलं असणार. आणि मी, ज्यानं आयुष्यात कधी त्यांना अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती, मी सगळ्यांच्या देखत बोट दाखवून म्हणालो, "आक्का, तू आम्हाला फसवलंस? जुनं रंगवून नवं म्हणून दिलंस?"

हे वाक्य मी विचार करून बोललो नाही, असं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते खोटं आहे. बोलायच्या आधी क्षणभर मी विचार केला होता आणि मग बोललो होतो.

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मग मांडवाच्या दाराशी, मुंडावळ्या बांधून उभ्या असलेल्या सुनंदाकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आक्का पुढं आल्या, आत्याबाईंना हात जोडले आणि म्हणाल्या, "व्हय. माजी चूक हाय. ह्या पोराला काय बी ठाव न्हाई. माज्यापायी लेकीचं लगीन थांबवू नका, पाया पडते."

आत्याबाईंनी त्यांना काय काय बोल लावले ते लिहवत नाही. आक्का खाली मान घालून ऐकत राहिल्या आणि न जेवता निघून गेल्या. लग्न लागलं. अक्षता टाकताना माझ्या बोटांच्या नखांत मोरपंखी रंग होता आणि तो कुणीही पाहिला नाही.

बोभाटा मात्र झाला. रंगाक्का जुनं रंगवून नवं म्हणून खपवते! जिनं जन्मभर चार बोटं उघडी ठेवली, तिच्याबद्दल हे. आंदणाचं काम त्यांच्याकडं यायचं बंद झालं. मोरांच्या जोड्या संपल्या, ढाब्यांची बाकडी तेवढी उरली. माझ्या एका वाक्यानं सगळं निस्तरलं असतं. आधी म्हणालो, सुनंदा सासरी रुळू दे. मग म्हणालो, तिला मूलबाळ होऊ दे. कारणं संपली तोवर गप्प राहायची सवय झाली होती. शाळेला जायचा माझा रस्ता आक्कांच्या दारावरून होता. मी लांबचा रस्ता धरला. पायाला व्यायाम होतो, असं आईला सांगितलं.

यजमान गेल्यावर आक्कांची लेक त्यांना कर्नाटकात आपल्याकडं घेऊन गेली. त्या दिवशी मी स्टँडवर गेलो. सांगायचंच, असं घोकून गेलो होतो. आक्का बोचकं घेऊन बाकावर बसल्या होत्या. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "या, बसा." तेवढ्यानंच माझा धीर सुटला. मास्तर नाही, तू नाही. मी परक्या माणसांत जमा झालो होतो.

"बहिनीचं कपाट कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"चांगलं आहे."

"मागल्या अंगाला पानी लागू दिऊ नका म्हनावं. तितनं गंज धरंल."

मी हो म्हणालो. एसटी आली. मी त्यांचं बोचकं खिडकीतून आत दिलं. त्यांनी खिडकीची दांडी वाजवून बघितली, सवयीनं. मी हात हलवला. सांगायचं ते तसंच घेऊन घरी आलो. दोन वर्षांनी त्या गेल्याची बातमी आली, तीही भंगारवाल्याकडून.

यंदा दिवाळीनंतर सुनंदाकडं तेरला गेलो होतो. तिच्या घराला रंग द्यायचं चाललं होतं, म्हणून सामान भिंतीपासून ओढलेलं. आत्याबाई आता ऐंशीच्या पुढं, पण जीभ शाबूत. कुणीतरी जुना सोफा घ्यायची गोष्ट काढली, तर म्हणाल्या, "बगून घ्या बाबा. न्हाईतर नळदुर्गाच्या त्या रंगवालीसारकं व्हायचं."

मी उठून कपाटामागं गेलो. का गेलो ते माहीत नाही. खाली वाकलो. माझा फासलेला रंग तिथं नव्हताच. चार बोटांचा हिरवा चौकोन, सात नंबर, आणि भोवती बारीक, सरळ पांढरी रेघ. तशी रेघ ओढणारा हात जगात एकच होता.

"हे कुणी केलं?"

"तीच आली हुती की," आत्याबाई म्हणाल्या. "लग्नानंतर म्हैन्यानं. एसटीनं. माजी चूक दुरुस्त कराया आले म्हनली. उनात बसून घासत हुती दोन-तीन तास. घान रंग कसा तर काडला, अन् रेग मारून गेली."

सुनंदा माझ्याकडं बघत होती. मी जमिनीवरच बसलो आणि सगळं सांगितलं. लिलाव, आईच्या नावावर बोललेलं खोटं, सकाळचा डबा, माझं बोट. एकदा सुरू झाल्यावर काहीच अवघड गेलं नाही. तेच जास्त लागलं. आता सांगायला कशाचीच किंमत पडत नव्हती.

आत्याबाईंनी वाकून त्या चौकोनाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग ती बाई व्हय का म्हनली?"

मी सुनंदाकडं बघितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला होता.

आत्याबाईंनी आपला उजवा हात मांडीवर उलटासुलटा करून पाहिला, जणू अजून त्याला रंग असावा. "भर उनातनं आली हुती," त्या हळू म्हणाल्या. "म्या तिला पान्याचं बी इचारलं न्हाई."

इतकी वर्षं ही लाज माझी एकट्याची होती. त्या दुपारी तिच्यातली अर्धी मी त्या म्हातारीच्या पदरात घातली. माझी मात्र तसूभरही कमी झाली नाही.